कला, पोट आणि सरकारी पैसा: सांगली-साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कलावंतांची कमाई, कामाच्या अटी आणि त्यांना मिळणारी मदत हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्या निमित्ताने तमाशाच्या राहुटीत, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी, कॉलेजात आणि तहसील कचेरीच्या रांगेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. योजनांच्या रकमा आणि अटी शासन निर्णयांनी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू निर्णय पाहून घ्यावा.

कलेवर संशोधन म्हणजे कलेचा इतिहासच ना? त्यात पगार, भाडं आणि डिझेल कुठून आलं?

इतिहासातही पैसा होताच, आपण तो वगळून सांगतो एवढंच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला हे शाळकरी पोरही सांगतं. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, सांगलीला नाट्यपंढरी म्हणून मिरवता येतं. त्या प्रयोगामागे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा राजाश्रय होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि आश्रय आटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. तिकीटबारीवरचं मराठी नाटक हौसेतून जन्मलं नाही, दरबारचा पैसा थांबला म्हणून जन्मलं. आमच्या अभ्यासाचा प्रश्न तिथून सुरू होतो: प्रयोगाला पैसे कोणी दिले, ते कलावंताच्या हातात कधी पडले आणि तोटा आला तेव्हा तो कोणाच्या अंगावर गेला.

आपल्या जिल्ह्यात कलावंत नेमके किती आहेत?

मोजलेले नाहीत, आणि सगळं घोडं इथेच अडलंय. मानधन घेणाऱ्यांची यादी असते, पुरस्कार मिळालेल्यांची असते, नाट्यस्पर्धेत उतरलेल्या संस्थांची असते. काम करणाऱ्यांची नसते.

देशात रोजगाराची पाहणी होते. २०१७ पासून तिला पीएलएफएस (पिरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे) म्हणतात. त्यात माणूस गेल्या ३६५ दिवसांत ज्या कामात जास्त काळ होता ते त्याचं मुख्य काम धरतात, आणि ३० दिवस किंवा अधिक केलेलं दुसरं काम दुय्यम म्हणून नोंदवतात. आता हंगामी फडातला ढोलकीवाला घ्या. गुढीपाडव्यापासून यात्रा संपेपर्यंत तो फडात असतो, बाकी वर्ष ऊसतोड, द्राक्षबागेतली छाटणी, नाहीतर मिळेल ती मजुरी. कागदावर तो शेतमजूर झाला. ढोलकी फार तर दुय्यम रकान्यात. बेंजोवाला, लग्नातला बँडवाला, गोंधळी, शाहीर, नाटकाचा प्रकाशयोजनाकार हे सगळे याच फटीतून खाली पडतात. नाटकवाले तर बहुतेक कुठेतरी शिक्षक, क्लार्क किंवा दुकानदार असतात, नोकरीच्या पगारातून तालमीचा चहा काढतात. कलावंतांचा हा स्वभाव ऑस्ट्रेलियात डेव्हिड थ्रॉस्बी या अर्थतज्ज्ञाने मांडला: दुसरं काम तो श्रीमंत व्हायला करत नाही, कलेला वेळ विकत घेण्यासाठी करतो. सांगलीच्या हौशी रंगभूमीला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, पण सरकारी तक्त्यात ते दाखवायला लागतो.

मोजणी नाही म्हणून मागणीही मोघम राहते. ‘कलावंतांसाठी काहीतरी करा’ असं निवेदन मंत्र्याच्या हातात जातं, फोटो निघतो.

तमाशाच्या एका सुपारीत कलावंताला किती सुटतं?

फडमालकाची वही उघडी मिळणं ही कृपाच म्हणायची. तरी हिशेबाची चाल समजावी म्हणून एक उदाहरण करू, आकडे धरून चाललेले आहेत.

समजा यात्रेच्या रात्रीची सुपारी दीड लाखाला ठरली आणि फडात साठ माणसं आहेत. ट्रक-बसचं डिझेल, जनरेटर, स्टेज, दिवे, कर्णे यांना ४५ हजार. साठ जणांचं दोन वेळचं जेवण १२ हजार. सावकाराकडून हंगामाच्या आधी काढलेल्या पैशाचं त्या दिवसाच्या वाट्याचं व्याज आणि हप्ता २० हजार. उरले ७३ हजार. माणशी बाराशेच्या आसपास. बरं वाटतं. पण आठवड्यात सुपाऱ्या तीनच लागल्या तर उरलेले चार दिवसही साठ माणसं जेवतात, म्हणजे ४८ हजार जातात. आठवड्याअखेर माणशी २,८५० उरतात, दिवसाला चारशेच्या जेमतेम वर. त्यातही समान वाटा नसतो. नाव असलेली नाचणारी आणि सोंगाड्या जास्त घेणार, कनात बांधणारा पोरगा कमी.

शिवाय बहुतेकांनी उचल घेतलेली असते. हंगामाच्या आधी हाती आलेली रक्कम घरच्या लग्नात, आजारपणात संपते आणि मग हंगामभर माणूस ती फेडत नाचतो. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम आणि कामगार यांच्यात जे चालतं त्याच्या जवळचंच हे. पाऊस पडला, गावात कुणी वारलं, निवडणुकीची आचारसंहिता लागली की सुपारी मोडते, उचल मात्र मोडत नाही. मला विचाराल तर कलावंतांच्या कामाच्या अटींवरचा कुठलाही अभ्यास उचलीपासून सुरू व्हायला हवा, आणि नेमकं तेच विचारायला संशोधक लाजतात.

रात्री दहाच्या नियमाचा याच्याशी काय संबंध?

मोठा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते. नियम झोपणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो असावाही. पण तमाशा हा रात्रीचाच खेळ. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी उजाडेपर्यंत वग म्हणजे गोष्टीचं नाटक, अशी त्याची बांधणी. वेळ कापली की पहिला बळी वगाचा जातो, कारण पब्लिक गाण्यांसाठी थांबतं. वग गेला की वग लिहिणारा गेला, सोंगाड्याचं खरं काम गेलं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे ज्या परंपरेत लिहिते झाले, तिचा लिहिता भाग असा गळतोय. यावर माझ्याकडे तयार उपाय नाही. खेळ संध्याकाळी सातला लावणारी गावं आहेत, तिथे निदान दोन-अडीच तास मिळतात.

कलावंताला कामगार कायदा लागू होतो का?

सिनेमाच्या कामगारांसाठी केंद्राने १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्यांच्या कल्याणनिधीची व्यवस्थाही त्याच साली; २०२५ मध्ये ते कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले. रंगमंच, तमाशा, बँड यांच्यासाठी तसा कायदा झाला नाही. ते असंघटित कामगारांत मोडतात. त्यांच्यासाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करताना (वय १६ ते ५९) ‘शेतमजूर’ लिहून मोकळं होऊ नका, कला हे मुख्य काम असेल तर तेच सांगा. मोजणीला तेवढाच हातभार.

म्हातारपणी मिळणारं मानधन नेमकं काय आहे?

१९५४-५५ पासून राज्यात ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या आणि रकमाही वेगळ्या. २०२४ पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, श्रेणी काढून टाकल्या आणि सगळ्यांना महिना ५,००० रुपये केले. वय ५० पूर्ण (दिव्यांगांना ४०), कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, दुसरं नियमित सरकारी पेन्शन नको. जिल्ह्यातून दरवर्षी १०० जणांची निवड. कलावंत गेल्यावर पती किंवा पत्नीला ते चालू राहतं.

श्रेणी काढल्या हे फार चांगलं झालं. गावच्या गोंधळ्याला ‘स्थानिक’ म्हणून कमी पोट असतं असं थोडंच आहे.

माझं वय ४६ आहे, गुडघे गेलेत, नाचणं बंद झालं. मला काय?

या योजनेत अजून काही नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळण्याइतपत त्रास असेल तर चाळिशीची अट लागू होते, जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. लावणी नाचणारीचं शरीर चाळिशीच्या आधीच उत्तर द्यायला लागतं, गायकाचा गळा साठीतही चालतो. एकच वयोमर्यादा सगळ्या कलांना लावणं सोयीचं आहे, न्याय्य नाही.

पंधरा वर्षांचा पुरावा कुठून आणायचा?

जुनी हँडबिलं, पोस्टर, वर्तमानपत्रांतली कात्रणं, आकाशवाणीची पत्रं, यात्रा कमिटीचं पत्र, फोटो, गुरूचा किंवा संस्थेचा दाखला. ज्यांनी राहुटीत आयुष्य काढलं त्यांच्याकडे यातलं फारसं नसतं, आणि असलं तरी पोस्टरवर फडातलं नाव आणि आधारकार्डावर घरचं. नाचणाऱ्या बायकांची अडचण इथेच होते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आणि तरण्या कलावंतांना माझं सांगणं आहे की पुढच्या यात्रेपासून प्रत्येक पोस्टरची एक प्रत घरी पत्र्याच्या पेटीत टाका.

उत्पन्नाची अट ६० हजारच का?

कारण विचारू नका, हिशेब करा. महिना ५ हजार म्हणजे वर्षाला बरोबर ६० हजार. केंद्राची ज्येष्ठ कलावंतांसाठीची मदत आहे, वय ६० च्या पुढे, महिना ६ हजारांपर्यंत. तिची उत्पन्नमर्यादा ७२ हजार, म्हणजे पुन्हा बाराने गुणा. ज्याला वर्षभर मिळणाऱ्या मदतीहून जास्त मिळतं त्याला मदत नको, असं हे तर्कशास्त्र. ६० हजार भागिले ३६५ म्हणजे दिवसाला १६४ रुपये. इतक्या कमाईचा दाखला तहसीलदारांकडून आणायचा, म्हणजे एकतर कलावंत खरोखर रसातळाला गेलेला असायला हवा किंवा दाखला तसा मिळवायला हवा. प्रामाणिक माणसाला अडचणीत टाकणारी अट आहे ही.

तरुणांसाठी काहीच नाही का?

आहे, केंद्राचं. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षं महिना ५ हजारांची शिष्यवृत्ती आहे, त्यापुढच्यांसाठी फेलोशिप. उदयपूर आणि नागपूर इथली सांस्कृतिक केंद्रं महाराष्ट्राला धरून काम करतात, कार्यक्रम आणि गुरु-शिष्य प्रशिक्षण तिथून मिळू शकतं. राज्याकडून तमाशा, संगीतबारी, शाहिरी, दशावतार, खडीगंमत अशा प्रकारांना प्रयोगासाठी अनुदान असतं. अडचण अशी की २५ ते ५० हे कलावंताचं ऐन कामाचं वय, आणि तिथे स्पर्धा, फेलोशिपचं नशीब आणि यात्रेची सुपारी याशिवाय आधार नाही. सुरुवातीला थोडी माया आणि शेवटी थोडी दया, मधलं स्वतःचं स्वतः. जिल्ह्यातल्या कलेसाठीच्या सरकारी पैशाशी माझं सगळ्यात मोठं भांडण हेच आहे.

मिरजेचे सतारमेकर कलावंत की कारागीर?

सरकारच्या कोणत्या टेबलापुढे उभे आहात त्यावर अवलंबून. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण एकदा कारखान्यात बसून पाहा. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे वाळवून येतात, आतून खरवडून, भिजवून, आकार देऊन त्यांना तबली आणि दांडी जोडली जाते, कोरीवकाम आणि पॉलिश होतं. शेवटी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढायची. ही जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका हलका घासायचा की तार त्यावर टेकता टेकता सुटली पाहिजे. एक घास जास्त झाला की तंबोरा बोलायचा थांबतो. ते काम हात करत नाहीत, कान करतात. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले त्यात या गल्लीचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल?

आता कागद बघा. हा माणूस वाजवत नाही म्हणून कलावंत मानधनात बसवताना ओढाताण. सप्टेंबर २०२३ मध्ये कारागिरांसाठी आलेल्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतार, कुंभार, न्हावी, बाहुल्या-खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे आहेत. वाद्य बनवणारा नाही. सुतार म्हणून घुसावं लागतं. मानांकनाने नक्कल करणाऱ्याला चाप बसेल, पण पोराला या धंद्यात ठेवायला मानांकन पुरत नाही. त्याला शिकायच्या चार-पाच वर्षांत घर चालेल इतका पगार लागतो, कारण जवारी जमेपर्यंत तो मालकाला कमावून देत नाही.

देश संस्कृतीवर खर्च तरी किती करतो?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला सुमारे ३,३६० कोटी होते. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांतले सात पैसेही नाहीत. त्यातही मोठा वाटा पुरातत्त्व खात्याला, म्हणजे दगडांना. दगडही जपायलाच हवेत.

राज्याचं सांस्कृतिक धोरण आहे ना?

आहे, दोनदा झालंय. २०१० च्या धोरणाचा मसुदा ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष साताऱ्याचे डॉ. आ. ह. साळुंखे. नवं धोरण २०२४ मध्ये मंजूर झालं, त्याच्या समितीचे अध्यक्ष डॉ. विनय सहस्रबुद्धे. धोरणं वाचायला चांगली असतात. वाचताना मी एकच गोष्ट शोधते: कोणत्या वाक्यापुढे रक्कम आणि तारीख आहे.

साखर कारखाने सीएसआरमधून कलेला पैसे का देत नाहीत?

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, कला-संस्कृती आणि पारंपरिक कला त्या यादीत आहेत. पण आपल्याकडचे बहुतेक कारखाने सहकारी, त्यांना ते कलम लागत नाही. खासगी कारखान्यांना आणि औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांना लागतं, तिथे जरूर अर्ज करा. नाव छापण्याची जागा आधी सांगा, काम लवकर होतं.

तसं पाहिलं तर या दोन जिल्ह्यांतला कलेचा सगळ्यात मोठा आश्रयदाता माझ्या मते ना सरकार, ना कंपनी. तो म्हणजे यात्रेची वर्गणी. घरटी पावती फाडून गाव तमाशा, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, बेंजो यांना पैसे देतं. त्याची बेरीज कुठेच नाही. कुणाला पीएचडीला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

कार्यक्रमावर जीएसटी लागतो का?

लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य यांच्या सादरीकरणासाठी कलाकाराला मिळणारी रक्कम दीड लाखापर्यंत असेल तर माफ. नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर तेही माफ. यापलीकडे सीएला विचारा.

माझ्या लावणीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, लाखांनी बघितला, मला छदाम नाही.

कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचे हक्क आहेत, ५० वर्षांपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरात मानधनाचा हक्कही दिला. अडतं करारावर. यात्रेत सुपारी तोंडी ठरते, शूटिंग कोण करणार याचा विषयच निघत नाही. सुपारीच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: ‘चित्रीकरण करायचे झाल्यास वेगळा दर.’ कोर्टात जायची वेळ न येताही ती ओळ काम करते.

सरकारने पैसे दिले की कला मिंधी होते, खरं ना?

गावचा पुढारी, बिल्डर, सावकार यांच्या पैशाने ती स्वतंत्र राहते असं समजायचं का? मिंधेपणा एकाच हातून पैसे आले की येतो. दुसरी गोष्ट, १९६६ मध्ये बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की कारखान्यात यंत्राने माणशी उत्पादन वाढतं, रंगमंचावर नाही. दहा पात्रांच्या वगाला आजही दहाच पात्रं लागतात, मजुरी आणि डिझेल मात्र आजच्या भावाने. तिकीट त्या वेगाने वाढवलं तर पब्लिक येणार नाही. तेव्हा बाहेरचा पैसा लागणारच, तो कशा अटींवर घ्यायचा एवढंच ठरवायचं आहे.

बाहेर काय करतात?

फ्रान्समध्ये रंगमंच-सिनेमाच्या कलाकार-तंत्रज्ञांनी बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की बिनकामाच्या दिवसांत भत्ता मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये सोडत काढून २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग केला, आणि न मिळालेल्यांचा एक गट बाजूला ठेवून फरक मोजला. मला पैशापेक्षा त्या मोजण्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे तासांची नोंद कोण ठेवणार हा पहिला प्रश्न, पण यात्रांच्या तारखा तर दरवर्षी ठरलेल्या असतात. सुरुवात तिथून होऊ शकते.

जातीचा विषय यात कशाला?

कारण पैसा जातीच्या वाटेने गेलाय. शास्त्रीय संगीत आणि नाटक यांना सभागृह, अकादमी, पदक मिळालं, तमाशाला तंबू आणि नावं ठेवणं. तमाशातल्या दलित स्त्रियांवर शैलजा पाईक यांनी जे संशोधन केलं त्याची दखल अमेरिकेतल्या २०२४ च्या मॅकआर्थर फेलोशिपने घेतली. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमी मिळाली, पद्मश्रीही मिळाली, त्या २०१८ मध्ये गेल्या. एकीला मान मिळाला म्हणून बाकीच्यांना कपडे बदलायला आडोसा, संडास आणि रात्री मुलं ठेवायला जागा मिळाली असं होत नाही. प्रश्नावलीत मी या तीन गोष्टी बिदागीच्या आधी विचारते. बायका त्यावर भरभरून बोलतात.

मला कॉलेजचा प्रकल्प करायचाय. सुरुवात कुठून करू?

एक गाव, एक यात्रा घ्या. कावलापूरसारखं तमाशाचं नाव असलेलं गाव असेल तर उत्तम, पण तुमचंही चालेल. कमिटीच्या खजिनदाराकडे जमाखर्च मागा. सुपारी घेतलेल्यांना भेटा, पण खेळाच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, झोप झाल्यावर. कमाई थेट विचारू नका, माणूस एकतर गप्प बसतो किंवा दुप्पट सांगतो. गेल्या आठवड्यात किती रात्री खेळ झाला, उचल किती आणि कधी घेतली, रिकाम्या महिन्यांत काय केलं, हे विचारा. नाव लिहू नका, लिहायचंच तर परवानगी घ्या. आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचा मानधनाचा अर्ज भरायला बसा. फॉर्म भरताना प्रश्नावलीत न सुचलेल्या दहा गोष्टी कळतात.